मागचे कोरे पान

"ह्याची आय कुठं हाय?" धोंडूबाईने विचारले.

मी परतीच्या तारखेचे शिक्के मारत होतो. मान वर केली तर बाई टेबलासमोर उभी. काखेत झाडू, आणि दोन्ही हातांत उघडे धरलेले एक रंगीत पुस्तक. पानावर जांभळ्या घट्ट कपड्यांतला एक दांडगा माणूस मुठी आवळून आकाशात आडवा झाला होता.

"कुणाची आई?"

"ह्या उडनाऱ्याची. सगळं पुस्तक वाचलं मी. आय नाय, बाप नाय, बायको नाय. सकाळपासनं मारामारी करतोय, पन भूक म्हनून लागत नाय. खातो काय ह्यो?"

"तो वादळवीर आहे, धोंडूबाई. त्याला भूक लागत नाही."

"मंग त्यात काय मर्दुमकी, मास्तर? उपाशीपोटी लढला असता तर मी मानला असता."

एवढे बोलून तिने पुस्तक मिटले, पदराने पुसले आणि जागेवर ठेवून दिले. मला हसू आले, पण ते मी शिक्क्याच्या आवाजात दडवले. शिपायासमोर ग्रंथपालाने हसू नये, असे तेव्हा मला वाटत असे.

ही एक्याऐंशी सालची गोष्ट. कर्जतच्या बाजारपेठेत एका धान्याच्या वखारीवर आमचे वाचनालय होते. दोन खोल्या, सात कपाटे, वर्तमानपत्रांसाठी दोन बाके. सगळे मला मास्तर म्हणत, जरी मी जन्मात एकही तास शिकवला नव्हता. धोंडूबाई नदीपलीकडून पायी येई. झाडलोट, पाणी भरणे, आलेली पुस्तके परत कपाटात लावणे ही तिची कामे. चाळिशी उलटलेली, काळीसावळी, खणखणीत आवाजाची बाई. नवरा शुक्रा अठरा वर्षांपूर्वी गेला होता. लडकूशेठच्या भातगिरणीमागच्या विहिरीतला गाळ काढायला उतरला आणि पडला, एवढे सगळ्या गावाला ठाऊक होते. लडकूशेठ आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. शुक्राच्या मागे त्यांनीच तिला इथे चिकटवली. एक मुलगी, ठमी. तिला सासरच्यांनी पोरासकट परत पाठवलेली. म्हणजे या नोकरीवर तीन तोंडे होती.

आता त्या रंगीत पुस्तकांबद्दल सांगतो. लडकूशेठचा नातू दादरला शिकत होता. तो मोठा झाला, कॉलेजात गेला, आणि त्याने वाचून टाकलेली पुस्तके दोन पत्र्याच्या पेट्यांतून आमच्याकडे आली. निम्मे वादळवीर आणि त्याचे भाऊबंद, निम्म्या किशोर कादंबऱ्या. शेठनी आपल्या आईच्या नावाने बालविभाग काढला. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या कव्हरावर आतल्या बाजूने चिठ्ठी चिकटवली: 'कै. भागूबाई यांच्या स्मरणार्थ'. दोनशे बारा चिठ्ठ्या मी स्वतः खळ लावून चिकटवल्या.

ती पुस्तके मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होती. उगाच सभ्यपणा कशाला करू? मला त्यांचा संताप येई. पोरे ती वाचत नसत, नुसती पाने उलटत. 'धडाम' आणि 'खळ्ळ' एवढे दोन शब्द आले की संपले वाचन. दहा मिनिटांत एक पुस्तक फस्त करून दुसरे मागायला हजर. आणि किशोर कादंबऱ्या म्हणजे त्याच पदार्थाला जरा शाळेचा गणवेश घातलेला. सगळी मुले बंगल्यातली. सगळ्यांना एक मामा, मामाचा समुद्रकाठी वाडा, वाड्याखाली भुयार आणि भुयारात चोर. ज्या लेखकाने आयुष्यात किशोरवयीन मूल जवळून पाहिलेले नाही त्यानेच किशोरांसाठी लिहावे, असा काही सरकारी नियम आहे की काय, असे वाटे. पण देणगी अध्यक्षांची. मी मूग गिळून बसलो.

धोंडूबाई मात्र वाचत होती. ती चाळिशीत वाचायला शिकली, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात. कंदिलाभोवती बसलेल्या पंधरा बायकांपैकी चौदा महिनाभरात गळाल्या, ही एकटी शेवटपर्यंत टिकली. मोठ्या पुस्तकांतला बारीक ठसा तिला झेपत नसे, म्हणून ती बालविभागाकडे वळली. अक्षरे ठळक, वाक्ये आखूड. दुपारी वाचनालय बंद असे तेव्हा ती बाकावर मांडी घालून, एकेका शब्दाखाली बोट धरून, ओठ हलवत वाची. ज्या पुस्तकाला पोराला दहा मिनिटे लागत त्याला तिला दोन दुपारी लागत. त्यामुळे त्यातली एकही लबाडी तिच्या नजरेतून सुटत नसे.

एके दिवशी परत आलेली एक किशोर कादंबरी मी तपासत होतो. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले दिसले. अक्षरे बोराएवढी, आधी सरळ रेघ ओढून तिला एकेक लटकावल्यासारखी.

'चार मुले व एक कुत्रा. मे महिन्यात चोर पकडले. भाताच्या रोपांसाठी शेतात राब कोणी भाजला ते लिहिले नाही. कुत्र्याला बिस्किट दिले. घरातल्या गड्याला काय दिले ते लिहिले नाही.'

मी दोनदा वाचले. मग तिला हाक मारली.

"धोंडूबाई, हे तू लिहिलंस?"

"हां." ती अगदी सहज म्हणाली. "काय चुकलंय का? बिस्किटाची वेलांटी मी चारदा बघितली."

"नाही, वेलांटी बरोबर आहे. पण... इथे का लिहिलंस?"

तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी विचारले, पाणी हंड्यात का भरलेस. मग तिने समजावून सांगितले. त्यांच्या वर्गातल्या प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी एक कोरे पान असे. त्याच्या डोक्यावर छापलेले असे: 'वाचलेल्याबद्दल तुम्हाला काय वाटले ते लिहा.' लिहिल्याशिवाय पुस्तिका पुरी झाली असे धरत नसत. वर्गातल्या बाई तपासून खाली बरोबरची खूण करीत आणि मगच पुढची पुस्तिका मिळे. आता या मोठ्या पुस्तकांतही मागे कोरे पान आहेच. वर छापलेले नाही, पण इतकी पुस्तके वाचणाऱ्याला ते छापून कशाला सांगायचे?

"बाकीचे लोक लिवत नाईत," ती म्हणाली, "आळशी हायत. तुमी त्यांना बोलत नाय का?"

त्याच वेळी मी तिला सांगायला हवे होते, की बाई, हे पान तुझ्यासाठी नाही, पुस्तकात लिहायचे नसते. एका वाक्याचे काम होते. पण मी म्हणालो, "बरं." कारण खरे सांगायचे तर मला ते लिहिणे फार आवडले होते. जे मी वर्षभर मनात चघळत होतो ते या बाईने चार ओळींत पुस्तकाच्याच पाठीवर मांडले होते. माझ्या अंगात हिंमत नव्हती, तिच्या हातात पेन्सिल होती. माझे काम परभारे होत होते.

त्यानंतर रोज संध्याकाळी दार लावण्याआधी मी बालविभागातली दोन-चार पुस्तके मागच्या बाजूने उघडून पाही. बोलताना ती 'हाय' आणि 'नाय' म्हणे, पण लिहिताना पुस्तकासारखे 'आहे' आणि 'नाही' लिही. त्यामुळे तिच्या ओळी न्यायाधीशाच्या निकालासारख्या वाटत.

'वादळवीराने आगगाडी उचलली. आतल्या माणसांचे डोके फुटले असेल. ते लिहिले नाही.'

'पूल मोडला व राक्षस मेला. सगळे हसले. पूल कोणी बांधला ते लिहिले नाही. आमचा साकव वाहून गेला तर दोन वर्षे कोणी आले नाही.'

'हा रोज मारामारी करतो. याचे कपडे कोण धुते ते लिहिले नाही.'

एका कादंबरीवर तर तिचा राग राग झाला. पुण्यातली एक पंधरा वर्षांची मुलगी, तिला आई सहलीला जाऊ देत नाही, म्हणून ती दीडशे पाने खोलीचे दार लावून बसते.

"घोडीएवढी पोर," धोंडूबाई झाडू आपटत म्हणाली, "आय बाहेरनं इनवते, जेव गं, जेव गं. आनि लिवनारा म्हंतो, हिचं मन कुनाला कळत नाय! आयचं मन कुनाला कळलं मंग? पंधराव्या वर्साला माझ्या कडंवर ठमी व्हती."

"अगं, त्या वयात मुलींना वाटतं तसं."

"वाटूं दे की. मला बी लय वाटायचं. वाटलं म्हनून पुस्तक काढायचं?"

असे नव्हे की तिला सगळेच वाईट दिसे. मिठागरावर काम करणाऱ्या एका मुलीची कादंबरी होती. ती वाचताना धोंडूबाई दोन दुपारी जेवायला विसरली. मागे लिहिले: 'एकशेदहा पाने खरी आहेत. शेवटी श्रीमंत मामा आला. हा मामा आधी कुठे होता ते लिहिले नाही. लिहिणारा घाबरला.' मी इतकी वर्षे मासिकांतून पुस्तक-परीक्षणे वाचत आलो आहे. इतके नेमके परीक्षण मी क्वचित वाचले.

हळूहळू गोष्ट पसरली. पोरे पुस्तक मागच्या बाजूने उघडू लागली. आधी मागचे पान वाचायचे, मग पुढून सुरू करून तिथे लिहिलेले खरे की खोटे ते पाहायचे. पहिल्यांदाच ती पाने उलटण्याऐवजी वाचत होती. बाजारात भांडण झाले तरी एखादे पोर म्हणे, "आधी कोणी मारलं ते लिहिले नाही!" हे कोण लिहिते असे मला लोक विचारत. मी खांदे उडवून सांगे, असेल कोणी वाचक.

त्या कार्तिकात भागूबाईंची पुण्यतिथी आली. लडकूशेठ स्वतः हार घेऊन वाचनालयात आले. पांढरे धोतर, वर काळा कोट, अत्तराचा वास. बालविभागाच्या कपाटाला हार घातला, नमस्कार केला आणि आईच्या नावाची चिठ्ठी डोळ्यांनी पाहावी म्हणून हाताला आले ते पुस्तक काढून शेवटचे पान उघडले.

मी टेबलाशी उभा होतो. त्यांचा चेहरा बदलताना मी पाहिला. त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरले. उजव्या हाताला त्यांच्या आईचे नाव, आणि डाव्या हाताच्या पानावर बोराएवढ्या अक्षरांत: 'पडणारा माणूस असा धरता येत नाही. सगळे खोटे आहे.'

"हे काय?" त्यांनी विचारले.

मग त्यांनी एकामागून एक त्रेचाळीस पुस्तके बाहेर काढली.

रविवारी सकाळी समितीची बैठक भरली. लडकूशेठ, चिटणीस मालोजीराव आणि आणखी दोघे सभासद. मालोजीराव म्हणजे कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. पेन्शनीत गेले तरी कायद्याचे कलम सांगायची सवय गेली नव्हती. त्रेचाळीस पुस्तके टेबलावर रचली होती. धोंडूबाईला बोलावले. ती धुतलेले लुगडे नेसून आली होती. तिला वाटले होते, शेठनी तिचे लिहिणे वाचले, आता काहीतरी विचारतील.

"हे तू लिहिलंस?" मालोजीरावांनी विचारले.

"हां. समदी मीच वाचली. आजून लय राहिल्यात."

"कोणाच्या परवानगीने?"

ती गोंधळली. "परवानगी? मागं कोरं पान ठेवत्यात ना लिवाया."

मालोजीराव मोठ्याने हसले. बाकीचे दोघेही हसले. "अगं, ते बांधणीसाठी सुटतं! छापखान्यात कागद उरतो म्हणून! तुझ्यासाठी ठेवलंय होय कोणी?"

धोंडूबाईचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. ती त्या पुस्तकांच्या ढिगाकडे बघत राहिली. तेवढ्या वेळात तिने सगळी त्रेचाळीस पाने मनात परत वाचली असावीत.

"मला कुनी सांगितलं नाय," ती हळूच म्हणाली.

मालोजीरावांनी माझ्याकडे मान वळवली. "मास्तर, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

मला आजही तो प्रश्न ऐकू येतो. खिडकीतून वखारीतल्या भाताचा वास येत होता. मी बावीस वर्षे त्या खुर्चीवर होतो आणि आणखी सहा वर्षांनी मला निवृत्त व्हायचे होते.

"नाही," मी म्हणालो.

धोंडूबाई माझ्या शेजारीच उभी होती. एका शब्दाने ती मला उघडे पाडू शकली असती. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"चूक झाली," ती म्हणाली. "कोऱ्या पानाची चूक झाली, ती कबूल. येडी बाई मी, मला वाटलं लिवायचं असतं. पन लिवलंय त्यात खोटं काय नाय."

आता लडकूशेठ बोलले. त्यांचा आवाज कापत होता, आणि तो निव्वळ रागाने कापत नव्हता, हे मी कबूल करतो. "माझ्या आयनं जल्मात अक्षर बघितलं नाय. म्हनून तिच्या नावानं पुस्तकं दिली मी. तिच्या नावाशेजारी तू लिवतेस, खोटं हाय? अगं, ही पोरांच्या गमतीची पुस्तकं! त्यात कुनी खरंखोटं बघतं?"

"म्हाताऱ्या आयला मी कदी काय बोलनार नाय, शेठ. ती माझ्या हाताला धरून जेवाया बसवायची. मी पुस्तकाला बोलले."

"पुस्तकानं तुझं काय घोडं मारलंय?"

धोंडूबाई पुढे झाली. ढिगातले सगळ्यात वरचे पुस्तक तिने उचलले आणि बरोबर पान उघडून शेठपुढे ठेवले. चित्रात एक माणूस उंच इमारतीवरून खाली कोसळत होता आणि वादळवीराने एका हाताने त्याची कॉलर पकडली होती. वादळवीर हसत होता.

"एका हातानं धरतो म्हनं," ती म्हणाली. "आनि हासतो. शेठ, मानूस पडाया लागला का किती जड व्हतो, ठावं हाय तुमाला?"

तिने चित्रातल्या त्या कॉलरवर बोट ठेवले.

"शुक्रा तुमच्या हिरीत उतरला तवा दोराला आमी दोगं व्हतो, मी आनि तुमचा गडी. तुमी गड्याला हाळी दिलीत, टेंपो आलाय, गोनी उतरवाया ये. त्यो गेला. तुमी वरच उभं व्हता, शेठ. आनि शुक्राच्या पायाखालचा दगड सुटला. शुक्रा हाडकुळा मानूस. घरात तर मी त्याला पोरावानी उचलला असता. पन पडाया लागला तवा त्यो शुक्रा राहिला नाय, धोंडा झाला. दोरानं माझ्या हाताची साल नेली. मी दोर सोडला नाय. हातातनं गेला."

तिने आपले तळवे पुढे केले नाहीत की पदर डोळ्यांना लावला नाही. ती वाचताना जशी सावकाश एकेक शब्द उच्चारी तशीच बोलत होती.

"ठमी लहान व्हती. लय वर्सं इचारायची मला, आये, तू सोडलास का गं बाबाला? काय सांगू तिला? आता हितं गावची पोरं येत्यात, ज्यांचं बाप असंच कुठं कुठं पडलं. ती हे बघतील. त्यांना वाटंल, धरता येतंय की एका हातानं! आमच्या आयनं धरलाच नसंल. म्हनून लिवलं मी, खोटं हाय."

शुक्रा पडला तेव्हा दोर कोणाच्या हातात होता, हे मला त्या दिवशी कळले. इतकी वर्षे ती माझ्यासमोर पाणी भरत होती आणि मी कधी विचारले नव्हते.

मला वाटले, आता लडकूशेठ उठतील, काही तरी बोलतील. माणूस दुष्ट नव्हता. पण स्वतःची चूक चार लोकांपुढे ऐकावी लागली की बरा माणूसही कसा होतो, ते मी तेव्हा पाहिले. त्यांनी पुस्तक मिटले. मान खाली घालून, कोणाकडेही न बघता ते मालोजीरावांना म्हणाले, "लिवून आनलंय ना तुमी? सही घ्या तिची."

मालोजीरावांनी कोटाच्या खिशातून कागद काढला. ते वाचून दाखवणार तोच धोंडूबाईने हात पुढे केला.

"मी वाचते."

ती वाचू लागली. एकेका शब्दाखाली बोट. सगळे ताटकळत बसले. 'मी खाली सही करणार असे लिहून देते की, मी माझ्या अज्ञानामुळे वाचनालयाची त्रेचाळीस पुस्तके खराब केली. मी लिहिलेला मजकूर असत्य व अडाणीपणाचा आहे. तो खोडण्यास माझी हरकत नाही. यापुढे मी कोणत्याही पुस्तकात काहीही लिहिणार नाही. तसे आढळल्यास मला कामावरून काढावे.'

"पुस्तकं खराब केली, बरोबर," ती म्हणाली. "फुडं लिवनार नाय, ते बी बरोबर. मधलं तेवढं काढा. असत्य म्हंजी खोटंच ना?"

"काही काढायचं नाही," मालोजीराव म्हणाले. "समितीने मंजूर केलेला मजकूर आहे. सही करायची नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

मी तोंड उघडायला हवे होते. आताही मी म्हणू शकलो असतो की, मला माहीत होते, मीच तिला सांगितले नाही, लिहून घ्यायचेच तर माझ्याकडून घ्या. मी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला.

धोंडूबाई कागदाकडे बघत उभी राहिली. घरी ठमी होती, ठमीचे मूल होते. हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून तर कोणाला घाई नव्हती. मालोजीरावांनी टोपण काढून पेन तिच्यापुढे धरले.

तिने पेन घेतले नाही. माझ्या टेबलावर शिक्क्याचा शाईचा डबा उघडा पडला होता. तिने डावा अंगठा त्यात दाबला आणि कागदाच्या खाली, जिथे सहीसाठी जागा सोडली होती तिथे, नीट टेकवला.

"अगं, हे काय?" मालोजीराव ओरडले. "तुला सही येते ना?"

"येत व्हती," धोंडूबाई म्हणाली.

ती वळली आणि पाण्याचा हंडा घेऊन जिना उतरून गेली. लडकूशेठनी तो अंगठा पाहिला. मग चहा न घेताच गेले.

पुस्तके खोडण्याचे काम समितीने माझ्यावर सोपवले. चार दुपारी मी खोडरबर घेऊन बसलो. त्रेचाळीस पाने एकेक करून वाचली आणि एकेक करून पुसली. शिक्षा म्हणावी तर फार थोडी. पोरांनी दोन-तीन आठवडे मागची पाने उघडून पाहिली, मग तीही पूर्वीसारखी दहा मिनिटांत पुस्तक परत आणू लागली. वादळवीराचे उडणे विनातक्रार चालू राहिले.

धोंडूबाई रोज वेळेवर येत होती. झाडणे, पाणी, धूळ पुसणे, सगळे चोख. माझ्याशी बोलणे मात्र आता फक्त कामापुरते. माझ्या त्या 'नाही'बद्दल तिने कधी अवाक्षर काढले नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरे वाटले असते. दुपारी वाचनालय बंद असताना ती बाकावर न बसता खाली वखारीच्या ओट्यावर भात पाखडणाऱ्या बायकांत जाऊन बसे. एकदा एका नव्या वाचकाने तिला वर्तमानपत्राची तारीख विचारली, तर ती म्हणाली, "मास्तरांना इचारा, मला वाचाया नाय येत."

पुढच्या चैत्रात नव्या पुस्तकांचे पार्सल आले. त्यात एक किशोर कादंबरी होती. मी ती रात्री घरी नेऊन वाचली. आगरातल्या एका मुलीची होती. मामा नव्हता, भुयार नव्हते, आणि शेवटपर्यंत कोणी वाचवायला येत नव्हते. मला ती बरी वाटली, पण माझ्या वाटण्यावर माझा विश्वास राहिला नव्हता. सकाळी धोंडूबाई कपाटे पुसत होती. मी उठून तिच्याजवळ गेलो. इतक्या वर्षांत मी कधी तिच्यासाठी खुर्चीवरून उठलो नव्हतो.

"धोंडूबाई, एवढं वाचून बघ. कसं आहे ते मला तोंडीच सांग. माझ्यासाठी."

तिने हातातले फडके खांद्यावर टाकले. पुस्तक घेतले, पुढून पुसले, मागून पुसले.

"मला कुठं वाचाया येतं, मास्तर?"

आमच्याकडे पुस्तके लेखकांच्या आडनावांप्रमाणे लावलेली असत. तिने तिसऱ्या कपाटाचे दार उघडले, दुसऱ्या फळीवर बोट फिरवत नेले, दोन पुस्तके जरा बाजूला सारली आणि ते नवे पुस्तक त्यांच्या मध्ये, जिथे जायला हवे होते तिथेच, नेमके बसवले. मग दार लावून घेतले आणि ती पुढचे कपाट पुसायला लागली.